कालची बस

मी फौजेत होतो, हे मी सांगतो. फौजेत काय करत होतो, हे बायको सांगते. "यांनी उभं आयुष्य कांबळी मोजली," असं ती पाहुण्यांच्या हातात चहाचा कप देता देता सांगून मोकळी होते, आणि त्यात खोटं काही नाही. मी स्टोअरमध्ये होतो. माझ्या ताब्यात कांबळी, मच्छरदाण्या आणि बूट. शत्रू म्हणून ज्याच्याशी माझी समोरासमोर गाठ पडली तो उंदीर, आणि त्या आघाडीवरही आमची बाजू फारशी भक्कम नव्हती. रिटायर झाल्यावर साताऱ्याला परत जाऊ असं म्हणता म्हणता लखनौलाच, तेलीबागेत घर बांधलं. पोरीची शाळा इथली, बायकोच्या फॉल-पिकोची गिऱ्हाइकं इथली, माझी कॅन्टीनची मित्रमंडळी इथली. साताऱ्याला फक्त आमचं आडनाव ओळखणारी माणसं उरली होती.

तर सांगायचं म्हणजे, आमच्या घरात लढाई कुणी बघितली असेल तर ती मी नाही. पोरीने.

ती बाहेरच्या एका देशात डॉक्टरकी शिकत होती. देशाचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. त्या गावात एक म्हातारी अजून राहते आणि तिचा फोन अजून कुणीतरी ऐकतं. एवढंच सांगतो की गाव लहान. एक नदी, नदीवर एक पूल, एक दवाखाना, एक बेकरी. पोरीचं कॉलेज मोठ्या शहरात, पण दवाखान्यातलं काम शिकायला तिला काही महिन्यांसाठी या गावात पाठवलं होतं. त्या म्हातारीच्या घरात ती खोली घेऊन राहायची आणि तिला आजी म्हणायची. लढाई सुरू झाली तेव्हा शहरातली आपली पोरं मिळेल त्या गाडीने निघाली. आमची सामान बांधत होती तोवर पूल बंद झाला. गोळी नाही, बॉम्ब नाही. सकाळी आजीने खिडकी उघडली तर नगरपालिकेवर दुसराच झेंडा, आणि बेकरीसमोर दुसऱ्याच वर्दीतले जवान पावाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे.

इकडे तेलीबागेत मी आणि शेजारचे सुभेदार साहेब युद्ध चालवत होतो. सुभेदार साहेब खरे लढलेले, त्यामुळे कमी बोलायचे. ती कसर मी भरून काढायचो. रोज संध्याकाळी आमच्या गच्चीत चहा, माझ्या मोबाईलवर नकाशा, आणि माझं बोट त्या पुलावर.

"देखिए साहब, इस पुल पर सब कुछ टिका है."

"हाँ, हो सकता है," साहेब बिस्कीट बुडवत म्हणायचे.

आतून शिलाईच्या मशीनचा आवाज थांबायचा. "पुलाचं राहू द्या. पोरगी कशी येणार ते बघा."

मी मोबाईल खिशात घालायचो. प्रश्न तेवढा एकच होता आणि त्याचं उत्तर माझ्या नकाशात नव्हतं.

गावातलं इंटरनेट बंद होतं. साधा फोन कधी लागायचा, कधी नाही, आणि लागला तरी मध्येच तुटायचा. नवीन सिमकार्डं त्या नव्या लोकांनीच वाटलेली, म्हणजे आपण दोघं बोलतो तेव्हा तिसरा ऐकतो हे धरूनच चालायचं. पोरगी सुरुवातीला नेहमीसारखी हिंदीत बोलली. दुसऱ्या का तिसऱ्या फोनवर म्हणाली, "पापा, सॉरी हाँ. आपका फोटो डिलीट कर दिया. वर्दीवाला."

पुलाजवळच्या चौकीवर येणाऱ्या-जाणाऱ्याचे फोन उघडून बघत. त्यात कुणी फौजी दिसला की प्रश्न सुरू. माझ्या सबंध नोकरीत माझ्यापासून कुणाला धोका वाटला असेल तर तो हा. संध्याकाळी गच्चीत मी हे सुभेदार साहेबांना सांगितलं.

"अरे वाह!" साहेब म्हणाले. "आप तो दुश्मन की नज़र में आ गए."

"कांबळ्यांसकट," आतून आवाज आला.

पण हिंदीचं फार दिवस चाललं नाही. एकदा पोरगी चौकीवरच उभी होती आणि आमचा फोन लागला. तिथल्या एका वयस्क शिपायाने तो तिच्या हातून घेऊन स्पीकरवर टाकला. त्याला काय कळतंय म्हणून पोरगी हिंदीत बोलत राहिली. सोमवारी कोण कुठल्या रस्त्याने गेलं, पूल कधी उघडतो म्हणतात, असलं सगळं. शेवटी एक जाड आवाज आला, "नमस्ते अंकल. बेटी अच्छी है." हा गृहस्थ म्हणे कितीतरी हिवाळे गोव्यात हॉटेल चालवून आलेला. बोलला अगदी सभ्यपणे, पण मी फोन बायकोच्या हातात दिला.

बायकोने फोन ठेवला आणि हुकूम काढला. "आजपासून मराठी."

हुकूम ठीक होता, पण रसद कुठे होती? पोरगी छावणीतल्या क्वार्टरमध्ये वाढलेली. मराठी तिला सगळं कळतं, पण तोंडातून येतं ते हिंदी. आई विचारणार, "जेवलीस का?" आणि ही म्हणणार, "हाँ मम्मी, खा लिया." जन्मापासून दोघींची ही अशी दुपदरी वाहतूक. नातेवाईक नावं ठेवायचे तेव्हा मी म्हणायचो, "तिला मराठी येतं हो, बोलत नाही एवढंच." स्टोअरमध्ये कांबळी आहेत, फक्त दिसत नाहीत, अशातला तो प्रकार.

पुढचा फोन आला. मी उचलला आणि स्पीकरवर ठेवला. मग, शाळेत उभं केल्यासारखं, "आई?"

ती आजवर आईला मम्मीच म्हणायची. बायकोने उत्तर द्यायच्या ऐवजी पदर तोंडाला लावला आणि मला हाताने खूण केली, तुम्ही बोला.

"बोल बाळा, बाबा बोलतोय."

"बाबा, मी बरी आहे. जेवण खाल्ली. आजी पण बरा आहे. इथे ठंड... इथे थंडा खूप आहे."

इतकं अशुद्ध मराठी इतक्या आनंदाने मी कधी ऐकलं नव्हतं.

तिच्या त्या मराठीतून आम्हाला गाव दिसायला लागलं. आजीने खिडकीतल्या कुंड्यांत फुलांच्या जागी कांदे लावले. नवीन लोकांनी सगळ्या गावाची घड्याळं त्यांच्या वेळेवर लावायला सांगितली, तर आजीने बाहेरच्या खोलीतलं घड्याळ बदललं आणि स्वयंपाकघरातलं तसंच ठेवलं. "आमच्या घरात दोन टाइम आहे," पोरगी म्हणाली. "पाहुणा आला तर तो टाइम. जेवण बनवतो तर आपला टाइम." पावाच्या रांगेत कुणी कुणाशी बोलत नाही, कोण कुणाचा हे कळत नाही म्हणून. पण आजीने रांगेतच हिची टोपी कानांवर ओढली आणि लहान मुलासारखं नाक पुसलं, तेव्हा सगळी रांग हसली म्हणे. "पहिला वेळ हसली सगळी लोक, बाबा."

आणि मग एका दुपारी तो फोन आला. बायकोनेच घेतला.

"आई, माझी शिक्षा चालू आहे."

"काय?"

"शिक्षा, शिक्षा. रोज चालू आहे. दवाखान्यात. खाली, अंधारात." आणि फोन तुटला.

बायको भिंतीला टेकून खाली बसली. रोज शिक्षा, तीही तळघरात, अंधारात. मी परदेशात अडकलेल्यांसाठी दिल्लीत उघडलेल्या कंट्रोल रूमला फोन लावला. तिथे एक तरुण अधिकारी आमच्यासारख्यांचे फोन घ्यायचा. त्याला मी माझ्या फौजी हिंदीत असं काही ऐकवलं की बिचारा "जी सर, जी सर" एवढंच म्हणत राहिला. संध्याकाळी सुभेदार साहेब आले. त्यांना सांगितलं. ते चहा न घेता उठून गेले.

दुसऱ्या दिवशी फोन लागला. बायकोने थेट विचारलं, "तुला मारतात का गं?"

"कोण? नाही! अरे यार... शिक्षा, आई. पढ... पुस्तक! डॉक्टर मॅडम शिकवते मला!"

दवाखान्यात वीज नव्हती, वरच्या मजल्याच्या काचा गेलेल्या, म्हणून तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी पेशंट तळघरात हलवले होते. कंदिलाच्या उजेडात त्या हिला टाके घालायला शिकवत होत्या. हिंदीतली शिक्षा, म्हणजे शिक्षण, पोरीने जशीच्या तशी उचलून मराठीत ठेवली होती. "आज बाळ झाला," ती पुढे म्हणाली. "मुलगी बाळ. मी धरला. मॅडमचा हात दुखतो, तर मीच धरला. खूप रडला. मग आम्ही पण रडलो." बायको हसायला लागली ती थांबेना. मी कंट्रोल रूमला फोन करून कळवलं की छळ वगैरे काही नाही, पोरगी बाळंतपणं करते आहे. तो तरुण म्हणाला, "सर, ये तो बहुत अच्छी ख़बर है," आणि माझ्या आवाजात काही फरक पडला असावा, कारण त्याने हळूच विचारलं, "आप ठीक हैं न सर?"

असेच दिवस जाता जाता कळलं की त्या गावातून अधूनमधून एक बस सोडतात. त्यात आजारी माणसं आणि अडकलेले परदेशी. लांबच्या रस्त्याने ती दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या देशाच्या सीमेवर पोचते. पलीकडे आपल्या वकिलातीच्या एक-दोन गाड्या उभ्या असतात. त्या तिथे असल्या पाहिजेत, हे महत्त्वाचं. घ्यायला कुणी आलेलं नसेल तर सीमेवरचे उतरू देत नाहीत, त्याच बसने परत. बसमध्ये जागा मिळणं अवघड होतं. आम्ही रोज विचारायचो आणि ती रोज म्हणायची, "नाही मिळाली."

मग एक सकाळ. फोनवर ती ओरडतच होती. "बाबा, कालची बस मिळाली! कालची! आजी पण..." तुटला.

मी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे. कालची बस मिळाली, म्हणजे काल निघाली, म्हणजे आत्ता सीमेवर! मी तसाच चपला घालून नाक्यावरच्या हलवायाकडे गेलो, इमरतीचा डबा घेतला, आणि घरी यायच्या आधी सुभेदार साहेबांच्या तोंडात एक कोंबली. साहेबांचे डोळे भरले. कंट्रोल रूमच्या तरुणालाही मीच बातमी दिली.

"बधाई हो सर! कल वाली बस सुबह पहुँच गई है. मैं पता करके बताता हूँ."

दुपारी त्याचा फोन आला तेव्हा त्याने आधी माझी चौकशी केली. तिथेच मला कळायला हवं होतं.

"सर, उस बस में आपकी बेटी नहीं है."

गाड्या जे कुणी आलेत त्यांना घेऊन संध्याकाळी निघतील, असंही त्याने सांगितलं. पुढच्या कधी लागतील ते आत्ता सांगता येणार नाही.

इमरतीचा डबा टेबलावर उघडाच होता. मी झाकण लावलं. वाटेत उतरवलं असेल? चौकीवर थांबवलं असेल? हे मी मनात म्हणत होतो, आणि बायको तेच मनात म्हणते आहे हे मला तिच्या पाठीवरून दिसत होतं. ती रडली नाही. मशीनवर जाऊन बसली आणि कुणाच्यातरी साडीला फॉल लावायला लागली. शिवण वाकडी चालली होती, तिचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात दारात गल्लीतल्या एक भाभीजी आल्या. आमच्या घरात काय चाललंय याची त्यांना काय कल्पना. "दीदी, मैंने साड़ी कल दी थी न, वो कल मिल जाएगी न?"

मशीन थांबलं.

"क्या बोला आपने?"

"अरे, कल दी थी," भाभीजी गोंधळल्या. "तो कल चाहिए थी. शादी है."

बायको उठली. साडीचा पदर मशीनच्या सुईतच अडकून राहिला. "अहो! तिला उद्या येत नाही!"

मला वाटलं, संपलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मी जवळ गेलो आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "उद्या नाही तर परवा येईल गं."

"अहो, शब्द! उद्या हा शब्द येत नाही तिला! लहानपणी मराठी बोलायला लावलं की काय म्हणायची? मम्मी, काल माझा पेपर आहे. काल माझा वाढदिवस आहे, मला फ्रॉक घे. सगळा तिचा कालच! कालची बस मिळाली म्हणजे कल की बस. उद्याची! उद्याच्या बसमध्ये जागा मिळाली!"

भाभीजी दारातच उभ्या होत्या. त्यांना एकच कळलं की साडी उद्या काही मिळत नाही.

मी फोन लावला, पण बायकोने माझ्या हातून ओढून घेतला.

"भैया, सुनो. वो कल नहीं गई. कल जाएगी."

"मैडम, कल की बस तो आ गई. उसमें..."

"वो कल नहीं! कल!"

"जी?"

"एक कल होता है न, और एक कल होता है. ये दूसरा वाला कल है!"

मी मध्ये तोंड घातलं. "बीता हुआ नहीं बेटा, आने वाला!" मग बायकोने त्याला मराठीतला काल आणि उद्या शिकवला, पोरीचं बालपण सांगितलं, फ्रॉकसकट. तो ऐकत राहिला. दिल्लीत बसून सरकारी माणूस फोनवर कुणाच्या फ्रॉकची गोष्ट इतकी शांतपणे ऐकेल यावर माझा एरवी विश्वास बसला नसता.

"समझ गया मैडम," तो म्हणाला. "हमारे गाँव में उसको बिहान बोलते हैं. मतलब बच्ची बिहान वाली बस में बैठेगी." मग आवाज बदलून, "मैं कोशिश करता हूँ, एक गाड़ी रुक जाए."

थोड्या वेळाने कळलं, एक गाडी थांबली. ड्रायव्हर सीमेजवळ मुक्काम करणार होता.

आणि आता खरी भीती बसली. पोरीचा फोन लागत नव्हता, म्हणजे खात्री करून घ्यायची सोय नव्हती. आमच्या एका शब्दावर परक्या देशात एक गाडी थांबलेली. चूक असली तर? पोरीने या एवढ्या महिन्यांत मराठी सुधारलं असलं आणि काल म्हणजे खरोखर काल असला तर? मी हे बायकोला बोलून दाखवलं.

"आजी बरा आहे म्हणणारी पोरगी," ती म्हणाली, "तिचं मराठी सुधारतंय होय?" आणि ती सुईतून साडी सोडवायला लागली.

दुसऱ्या दिवशी गच्चीत चहा झाला, पण नकाशा नाही निघाला. सुभेदार साहेब त्यांच्या नातवाच्या सायकलीबद्दल बोलले, मी ऐकलं. त्याच्या पुढच्या सकाळी मी दुधाची पिशवी घेऊन फाटकातून आत येत होतो तोच खिशातला फोन वाजला.

"सर," तो तरुण हसत होता, "बिहान वाली बिटिया आ गई. लीजिए, लाइन जोड़ रहा हूँ."

"पापा!" मग हिंदीचा लोंढा. इतके दिवस अडवून धरलेलं सगळं हिंदी तिने एका दमात माझ्या कानात सोडलं. ड्रायव्हर अंकल कसे नावाची पाटी धरून उभे होते, बसमध्ये हीटर नव्हता, गाडीत गरम सूप दिलं. "आजी? आजी कुठाय?" मी विचारलं.

"आजी नहीं आईं, पापा. घर खाली छोड़ेंगी तो वो लोग घुस जाएँगे. मैंने बहुत बोला." मग घाईघाईने, "मेरे इस फोन से उधर लगता नहीं, आपके यहाँ से लगेगा. उनको बता दो न कि मैं पहुँच गई. वो खिड़की में बैठी होंगी."

"अगं, पण मी काय बोलू? त्यांची भाषा..."

"कुछ भी बोलो. बस हिंदी मत बोलना."

मी बाहेरच्या खोलीत उभा राहून तिने दिलेला आजीच्या घरचा नंबर लावला. का कोण जाणे, सावधान उभा राहिलो. पलीकडे रिसीव्हर उचलला गेला आणि एक घोगरा, संशयी आवाज आला. एकच शब्द, बहुधा 'हॅलो'सारखा काहीतरी.

"पोचली," मी म्हणालो.

तिकडून तोच शब्द पुन्हा आला.

"पोरगी. पोचली. नीट पोचली."

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. मग त्या आवाजाने माझा शब्द उचलून, तोडून तोडून, तपासून बघितल्यासारखा परत केला. "पोच... ली?"

"हो! पोचली!"

मग म्हातारी जे बोलायला लागली ते मला अर्थातच काही कळलं नाही. मी "हो, हो, बरं" करत राहिलो. माझी तेवढी अक्कल चालली. बायको दुधाचं पातेलं गॅसवर सोडून आली आणि तिने फोन माझ्याकडून घेतला. ती साताऱ्याच्या मराठीत, ती तिकडची तिच्या भाषेत. एकीने दुसरीसाठी थांबायचं असतं हे दोघींच्याही गावी नव्हतं. हसणं चाललं होतं, नाक ओढणं चाललं होतं, आत दूध उतू जात होतं.

मध्येच बायकोने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली. "त्या विचारतायत, एअरपोर्टवर आणायला कोण जाणार?"

"तुला कसं कळलं?"

"दुसरं काय विचारतील? जा, सुभेदार साहेबांना गाडी काढायला सांगा."

मी चपला घातल्या.